गॅलिसवाला

दुओमोच्या, म्हणजे मिलानच्या मोठ्या चर्चच्या, गच्चीवर सगळ्यांची तोंडं उत्तरेकडे असतात. नोव्हेंबरातली हवा निवळली असेल तर तिथून आल्प्सची पांढरी रांग दिसते, आणि माणसं संगमरवरी कळसांच्या गर्दीतून मान बाहेर काढून फोटो काढत राहतात. मीही काढले. मग पाठीवर घेतलेलं ऊन जरा तोंडावरही घ्यावं म्हणून दक्षिणेला वळलो, तर तो समोर उभा.

अर्ध्या किलोमीटरवर, कौलारू छपरांतून एकटाच वर आलेला. गळ्यापर्यंत सरळसोट आणि तिथून एकदम रुंद. धडापेक्षा डोकं मोठं. मानेभोवती तिरके टेकू, जणू डोकं पडू नये म्हणून कुणीतरी दोन्ही हातांनी खालून धरलंय. बाजूला संगमरवराची एवढी कशिदाकारी चाललेली असताना हा गडी डोक्यावर गाठोडं घेऊन, घाम पुसत, गाडीची वाट बघत उभा असल्यासारखा.

"हे काय गं?" मी भाचीला विचारलं. ती मिलानमध्ये वास्तुकला शिकते आणि चार दिवस मला शहर दाखवायचं तिनं कबूल केलं होतं.

"तोर्रे वेलास्का. आणि मामा, तोंड वाकडं करू नकोस. इथं सगळे आधी तेच करतात."

तोंड वाकडं झालं होतंच. पस्तीस वर्षं बांधकाम खात्यात काढलेल्या माणसाला इमारत डोळ्यांआधी पोटात जाणवते. वरचा मजला खालच्यापेक्षा मोठा दिसला की आमच्या पोटात गोळा येतो. सज्जा दोन फूट पुढे काढला तरी आम्ही चार ठिकाणी सह्या घेत असू. इथं अठराव्या मजल्याच्या आसपास अख्खी इमारतच चारी बाजूंनी पुढे आलेली, आणि तिच्या खाली काय, तर हवा.

भाची म्हणाली, इथले लोक त्याला 'ब्रेतेल्ले' घातलेला मनोरा म्हणतात. ब्रेतेल्ले म्हणजे खांद्यावरून जाणारे, पँट धरून ठेवणारे पट्टे. मला हसू आलं. "म्हणजे गॅलिस!" मी म्हणालो. तिला तो शब्द ठाऊक नव्हता. तिच्या पिढीनं गॅलिसची चड्डी घातलेली नाही, बटण तुटून एक पट्टा खांद्यावरून घसरला की होणारी फजितीही अनुभवलेली नाही. मग मी परत बघितलं, आणि आता ते तिरके टेकू मला गॅलिसच दिसू लागले. माणसाला एकदा टोपणनाव चिकटलं की त्याचा चेहरा त्या नावाचाच होतो. चार दिवस मी त्याला गॅलिसवालाच म्हणत होतो.

"ती आहे, मामा," भाचीनं एकदा दुरुस्ती केली. "तोर्रे स्त्रीलिंगी." असेल. दुओमो पुल्लिंगी, आणि त्याच्या माथ्यावर सोन्याची बाई, हे चालतं तर माझा मनोरा मराठीत पुल्लिंगी राहू द्या.

त्या सोन्याच्या बाईचा आणि याचा एक जुना करार आहे. मादोन्नीना, म्हणजे छोटी माउली, १७७४ पासून दुओमोच्या सर्वांत उंच कळसावर उभी आहे. तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली, जमिनीपासून १०८.५ मीटरवर. शहरात कुणी तिच्या वर डोकं काढायचं नाही, असा संकेत होता. गॅलिसवाल्याची उंची १०६ मीटर. अडीच मीटर राखून थांबला. वडीलधाऱ्यांसमोर माणूस जरा वाकून बसतो तसा. तो पुरा झाल्यावर दोनच वर्षांनी, १९६० मध्ये, स्टेशनसमोरच्या पिरेल्लीच्या १२७ मीटरच्या मनोऱ्यानं तो संकेत मोडला. पण मोडतानाही मिलानकरांनी पळवाट काढली: मादोन्नीनाची एक छोटी प्रतिकृती त्याच्या गच्चीवर ठेवून दिली. म्हणजे अजूनही सर्वांत वर तीच. पुढे २०९ मीटरचा आलियांझ मनोरा झाला तेव्हा २०१५ मध्ये तिथंही एक प्रतिकृती चढली. नियम मोडायचा आणि देवीला प्रसाद दाखवायचा, हे काही आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या पायाशी गेलो. मिस्सोरी स्टेशनवर भुयारी रेल्वेतून बाहेर आलं की चौकाच्या मधोमध, रहदारीच्या वेढ्यात, दगडी भिंतीचा एक अर्धगोल तुकडा उभा आहे. सान जोव्हान्नी इन कोंका नावाच्या चर्चचा हा मागचा गाभारा. बाकीचं चर्च रस्त्यासाठी गेलं. दर्शनी भिंत तर उचलून दुसऱ्याच एका चर्चला बसवली. खाली तळघर मात्र शाबूत आहे. या तुकड्यापासून गॅलिसवाला दोन मिनिटांच्या अंतरावर. एकाचं धड गेलंय, दुसऱ्याला डोकं जास्तीचं मिळालंय. शेजारी म्हणून शोभतात.

जवळून तो वेगळा वाटतो. दुरून करडा दिसतो, पण जवळ गेलं की गुलाबी-तपकिरी छटा उमटते. गिलाव्यात संगमरवराचा चुरा मिसळलेला आहे, आणि मधल्या काही दशकांची काजळी नुकतीच निघाली आहे. २०११ मध्ये त्याला वारसा म्हणून संरक्षण मिळालं, २०२० मध्ये मालकी एका अमेरिकन कंपनीकडे गेली, आणि मग कित्येक महिने तो परांच्यांच्या आत गेला. बाहेर आला तेव्हा रंगावरून पुन्हा भांडण. फारच गुलाबी झाला, असं म्हणणारे बरेच. सत्तरी गाठत आलेल्या माणसाला न्हाऊमाखू घातलं की घरातले म्हणणारच, हा काय आपला नाही वाटत.

खिडक्या बघून मला आधी मुकादमाची शंका आली. एका मजल्यावर तीन, वरच्या मजल्यावर दोन, आणि त्याही एकाखाली एक नाहीत. ओळ सुटलेली. मग लक्षात आलं, आत ज्या खोलीला जिथं उजेड हवा तिथं खिडकी. बाहेरून नीटनेटकं दिसावं यासाठी आतल्या माणसाला अंधारात बसवलेलं नाही. खांब मात्र शिस्तीत, भिंतीच्या बाहेर, बरगड्यांसारखे जमिनीपासून निघून वर जातात. मानेपाशी पोचले की बाहेरच्या बाजूला तिरके होतात, वरच्या मजल्यांना खालून धरतात आणि पुन्हा सरळ होऊन छपरापर्यंत जातात. म्हणजे जे गॅलिस वाटले, ते त्याचेच खांब, तिथून झुकलेले. ओझं आणि हमाल एकाच हाडाचे.

हे माझ्या पोटातल्या गोळ्यावरचं औषध होतं. भार कुठून कुठं उतरतो ते उघड्यावर मांडलेलं होतं, लपवलेलं काही नाही. गणित आर्तुरो दानुस्सो या अभियंत्याचं. जन्म १८८० चा. म्हणजे काँक्रीट ओतलं जात होतं तेव्हा म्हातारा पंचाहत्तरीला टेकला होता. आणि गंमत अशी की त्याच सुमारास पिरेल्लीच्या मनोऱ्याच्या सांगाड्यावरही तो पिएर लुईजी नेर्व्हीबरोबर काम करत होता. शहरानं पुढे साठ वर्षं ज्या दोघांची तुलना करून एकाला शहाणा आणि दुसऱ्याला वेडा ठरवलं, त्या दोघांच्याही हाडांचा हिशेब एकाच माणसाच्या वहीत होता.

तो असा का आहे, याची खरी कारणं तशी घरगुती आहेत. जागा छोटी. खाली दुकानं आणि कचेऱ्या. कचेरीला खोल जागा लागत नाही. वर राहायची घरं, घराला लागते. जमिनीवर पसरायला वाव नाही, म्हणून वर पसरले. मुळात १९५० च्या सुमारास आराखडा निघाला तो पोलादाचा होता. पण युद्धानंतरच्या इटलीत पोलाद परवडेना, म्हणून काँक्रीट आलं. पोलादाचा झाला असता तर कदाचित चकचकीत, कुणाच्या डोळ्यांत न खुपणारा झाला असता. गरिबीनं माणसाला आकार येतो तसा त्याला आला. नावही जागेचंच: मिलानवर स्पेनचं राज्य होतं तेव्हाच्या वेलास्को नावाच्या गव्हर्नरचा चौक, म्हणून वेलास्का.

एवढी साधी कारणं असूनही १९५९ मध्ये त्याच्यावर जो गहजब झाला, तो एखाद्या घराण्यातल्या मुलानं जातीबाहेर लग्न केल्यावर होतो तसा होता. आधुनिक वास्तुकलेचं घराणं तेव्हा कडक सोवळ्यातलं होतं. इतिहासाला शिवायचं नाही. काच, सपाट छप्पर, सरळ रेघ. आणि इथं या घराण्याचेच मुलगे मध्ययुगीन बुरुजासारखं काहीतरी उभं करून बसलेले! लंडनच्या एका मासिकात रेनर बॅनहॅम या समीक्षकानं 'इटलीची आधुनिक वास्तुकलेतून माघार' असं म्हणून नव्या इटालियन इमारतींवर तोफ डागली. त्याच वर्षी सप्टेंबरात हॉलंडमधल्या ओटर्लो गावी जगभरचे आधुनिक वास्तुरचनाकार जमले. तिथं एर्नेस्तो रॉजर्सनं आपला मनोरा मांडला आणि पीटर स्मिथसननं तो तिथंच सोलून काढला. त्यांच्या संघटनेची ती शेवटची बैठक ठरली. मनोऱ्यामुळे नव्हे, आतून घर आधीच मोडत आलं होतं. पण शेवटच्या पंगतीत ज्याच्यावरून भांडण झालं, त्याचं नाव लक्षात राहतं.

रॉजर्स काही गप्प बसणारा नव्हता. तो तेव्हा 'कासाबेल्ला' या नियतकालिकाचा संपादक होता, आणि त्यानं बॅनहॅमला जे उत्तर लिहिलं त्याच्या शीर्षकातच त्याला 'फ्रिजांचा राखणदार' म्हणून टाकलं. मला हे शीर्षक भारी आवडलं. थंड, पांढरी, एकसारखी खोकी, आणि त्यांच्यावर पहारा. शिव्या देताना इतकं नेमकं देता आलं पाहिजे. रॉजर्सचं म्हणणं थोडक्यात असं की जिथं बांधायचं तिथं आधीपासून काय उभं आहे ते ऐकून घ्यावं. नक्कल करू नये, पण बहिरंही होऊ नये. लंडनचा रिचर्ड रॉजर्स हा त्याच्या नात्यातला. पॅरिसमध्ये पाँपिदू केंद्र बांधताना त्यानं रेन्झो पियानोबरोबर सगळ्या नळ्या आणि जिने इमारतीच्या बाहेर लटकवले. हाडं बाहेर ठेवायची सवय घराण्यातलीच असावी.

सामान्य मिलानकरांना या वादाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना तो कुरूप वाटला आणि त्यांनी टोपणनाव ठेवलं. सिनेमावाल्यांनी मात्र लगेच ओळखलं की हा चेहरा कामाचा आहे. दीनो रीझीच्या 'इल व्हेदोव्हो' या १९५९ च्या सिनेमात आल्बेर्तो सोर्दी आपल्या श्रीमंत बायकोचा काटा काढायचा बेत याच मनोऱ्याच्या लिफ्टच्या भरवशावर आखतो. तो बेत कसा फिसकटतो ते सांगत नाही. पण नव्या पैशाची, नव्या हौसेची माणसं कुठं राहतील, याचं उत्तर त्या वर्षी मिलानमध्ये हेच होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही किल्ल्यात गेलो. कास्तेल्लो स्फोर्झेस्को. दारावरचा तो उंच, पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होत जाणारा मनोरा बघून मी म्हणालो, "हे बघ, हे खरं जुनं." पंधराव्या शतकातला फिलारेते हा त्याचा मूळ कर्ता. भाची गालात हसली. फिलारेतेचा मनोरा १५२१ मध्ये आतल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन पडला. समोर उभा आहे तो लुका बेल्त्रामीनं जुन्या चित्रांवरून आणि अंदाजानं बांधून १९०५ मध्ये पुरा केलेला. म्हणजे गॅलिसवाल्याहून जेमतेम त्रेपन्न वर्षांनी मोठा.

मग तिला चेव आला. दुओमोचं काम १३८६ मध्ये सुरू झालं खरं, पण दर्शनी भिंत पुरी झाली ती नेपोलियनच्या तंबीनंतर, एकोणिसाव्या शतकात. आणि पाच ब्रॉन्झच्या दारांपैकी शेवटचं बसलं कधी? १९६५ मध्ये. गॅलिसवाला तेव्हा सात वर्षांचा होता! सेंट्रल स्टेशन बघून वाटतं, रोमन बादशहाच कधीतरी इथं गाडी बदलायला उतरला असेल. त्याचं उद्घाटन १९३१ चं. फिलारेतेनंच आखलेलं का ग्रांदा हे जुनं इस्पितळ गॅलिसवाल्यापासून पाच मिनिटांवर आहे. भाजलेल्या मातीची तांबडी नक्षी, कमानी, प्रशस्त चौक. १९४३ च्या ऑगस्टमधल्या बाँबफेकीत त्याचा बराच भाग कोसळला आणि तुकडे गोळा करून, जोडून, लिलियाना ग्रास्सीसारख्यांनी तो परत उभा केला. आज तिथं विद्यापीठ भरतं. मी त्या चौकात उभा राहून नक्षीतली कोणती वीट जुनी आणि कोणती नवी ते शोधत बसलो. काही ठिकाणी कळतं, काही ठिकाणी फसगत होते. पोरं सायकली टेकवून कट्ट्यावर सँडविच खात होती आणि माझ्याकडे, भिंतीला नाक लावून उभ्या असलेल्या परदेशी म्हाताऱ्याकडे, बघत होती.

या शहरात सगळेच वय चोरतात. काही वाढवून सांगतात, काही उतरवून. नव्या भागात तर उलट रोग: पोर्ता नुओव्हात स्तेफानो बोएरीचं ते 'उभं जंगल' आहे, २०१४ चं, सज्जासज्जात झाडं लावलेलं, दहा वर्षांत फांद्या अशा फोफावल्या आहेत की इमारत जुनी होण्याआधीच रानात गेल्यासारखी वाटते. सिटीलाइफमध्ये तीन मनोरे शेजारी-शेजारी. एक ताठ, एक पीळ घातलेला, एक पोट पुढे काढून वाकलेला. मिलानकर त्यांना 'सरळ', 'वाकडा' आणि 'वळलेला' म्हणतात. टोपणनावं ठेवण्यात हे गाव कमी नाही. पण ही नावं ठेवताना कुणाला राग आलेला नाही, प्रेमही आलेलं नाही. तिथं आम्ही कॉफी प्यायलो आणि अर्ध्या तासात निघालो. मला तिथं काही सुचलं नाही, खोटं कशाला सांगू.

किल्ल्यात मात्र एक गोष्ट होती जी भाचीनं मुद्दाम शेवटी ठेवली होती. मायकेलअँजेलोचं शेवटचं शिल्प, रोंदानीनी पिएता. १५६४ मध्ये मरण्यापूर्वी काही दिवसांपर्यंत तो त्यावर छिन्नी चालवत होता. आई मागून मुलाला धरून उभी आहे, की मुलगाच आईला पाठीवर घेऊन चाललाय, कळत नाही. बाजूला आधीच्या एखाद्या आराखड्यातला सुटा हात तसाच राहिलेला. २०१५ पासून ते स्पॅनिश शिपायांच्या जुन्या इस्पितळात आहे. त्याआधी जवळजवळ साठ वर्षं ते किल्ल्याच्या दुसऱ्या दालनात, खास त्याच्यासाठी बांधलेल्या दगडी आडोशात होतं. तो आडोसा आणि किल्ल्यातल्या संग्रहालयाची सगळी मांडणी कुणाची? गॅलिसवाल्याच्याच जन्मदात्यांची. म्हणजे १९५६ मध्ये ही माणसं सकाळी मायकेलअँजेलोसाठी भिंत बांधत होती आणि दुपारी वेलास्काच्या साइटवर सेंटरिंग बघत होती. डोकं धडापेक्षा मोठं का झालं, खांब पुढे का झुकले, या सगळ्याचा माझ्यापुरता उलगडा त्या शिल्पासमोर झाला. एका शरीरानं दुसऱ्याला धरून ठेवायचं. तो सुटा हात बघून मला वाटलं, हे लोक रोज याच्यासमोरून जात असतील.

जन्मदाते मुळात चार. बान्फी, बेल्जोयोसो, पेरेस्सुत्ती, रॉजर्स. १९३२ मध्ये चौघांनी मिळून कचेरी काढली आणि आडनावांची आद्याक्षरं जोडून नाव ठेवलं: बीबीपीआर. रॉजर्स ज्यू. १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनंतर त्याला आपल्या नावानं काम करणं अशक्य झालं, १९४३ मध्ये तो स्वित्झर्लंडला निसटला. बान्फी आणि बेल्जोयोसो फॅसिस्टांच्या विरोधातल्या चळवळीत होते. १९४४ च्या मार्चमध्ये दोघांना पकडलं आणि ऑस्ट्रियातल्या माउटहाउझेनच्या छळछावणीत धाडलं. बेल्जोयोसो परत आला. जान लुईजी बान्फी गूझेनच्या उपछावणीत १० एप्रिल १९४५ ला गेला. ५ मेला अमेरिकन सैन्य तिथं पोचलं. पंचवीस दिवस.

कचेरी पुन्हा सुरू झाली तेव्हा तिघेच होते. पाटीवर अक्षरं चार राहिली.

हे भाचीनं मला स्मशानात सांगितलं. चौथ्या दिवशी आम्ही चिमितेरो मोनुमेंताले, म्हणजे मिलानच्या श्रीमंतांच्या त्या अवाढव्य दफनभूमीत गेलो. तिथं प्रत्येक व्यापाऱ्याला मेल्यावरही महाल हवा असतो. ब्रॉन्झचे देवदूत, ग्रीक देवळं, कुणा दारू कंपनीच्या मालकानं अख्खं शेवटचं भोजन उभं केलंय. त्या सगळ्या थाटात मध्येच एक चौकोनी सांगाडा. धातूच्या नळ्यांचा घन, काही दगडी पाट्या, बाकी मोकळी हवा. मधोमध छावणीतल्या कैद्यांच्या जेवणाचा वाडगा, आणि त्यात माउटहाउझेनची माती. १९४६ मध्ये तिघांनी केलेलं छावण्यांत मेलेल्यांचं स्मारक. मूर्ती नाही, चेहरा नाही. मी त्या नळ्यांकडे बघत होतो आणि मला त्यात गॅलिसवाला दिसायला लागला. चौकट, आणि चौकटीनं हवेत धरून ठेवलेलं काहीतरी.

रॉजर्सचंच एक वाक्प्रचारासारखं रूढ झालेलं म्हणणं आहे, की वास्तुरचनाकाराचं काम चमच्यापासून शहरापर्यंत असतं. वाडग्याचं काही तो बोलला नव्हता.

त्या संध्याकाळी मी एकटा पुन्हा वेलास्काच्या चौकात गेलो. पूर्वी तिथं गाड्या उभ्या असायच्या, आता बाकं आहेत. एक म्हातारी कुत्र्याला घेऊन बाकावर बसली होती. वरच्या, पुढे आलेल्या मजल्यांवर एकेक खिडकी उजळत गेली, क्रमानं नाही, जशी माणसं घरी येतील तशी. खालच्या कचेऱ्या अंधारल्या होत्या. मनोऱ्याचं धड काळं आणि डोकं उजळलेलं. मी खांब मोजत बसलो, जुनी सवय. अठराव्या मजल्याच्या त्या तिरक्या वळणाशी, भार जिथून बाहेर पडून पुन्हा खाली येतो तिथं, माझी नजर सारखी थांबायची. आमच्या खात्यात याला कुणी मंजुरी दिली नसती. मीही दिली नसती. म्हातारीनं माझ्याकडे बघून वर बोट केलं आणि काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. मी मान डोलावली, आणि तिनं कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा सोडला.

परत निघायचा दिवस धुक्याचा निघाला. मिलानी बोलीत या धुक्याला 'शिगेरा' म्हणतात. पूर्वीइतकं आता पडत नाही, म्हणून पडलं की लोकांना जरा कौतुकच वाटतं. पहाटे साडेपाचला टॅक्सी मिस्सोरीवरून वळली. चर्चचा तो तुटका गाभारा दिव्याखाली ओला झाला होता. मी खिडकीची काच पुसून मान वाकडी करून वर बघितलं. बरगड्यांसारखे खांब रस्त्यावरून सुरू होऊन वर जात होते, दहावा मजला, बारावा, पंधरावा, आणि मग धुकं. त्याच्या वर काहीच नव्हतं. पहिल्यांदाच त्याच्या डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतलं होतं, आणि तो मोकळ्या खांद्यांनी, कुणाची वाट न बघता उभा होता.

"काय बघतोयस?" भाचीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "गॅलिस दिसत नाहीयेत."